वरच्या काकूंचं अनलिमिटेड

वयाच्या चौसष्टाव्या वर्षी ‘यार’ म्हणणारी मराठी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. “अगं यार, लिफ्ट बंद आहे, पायीच चढावं लागणार,” असं आमच्या वरच्या काकू खुशाल म्हणायच्या. पांढरा अंबाडा, सुती साडी, पायांत बाटलीच्या रंगाचे हिरवे मोजे आणि तोंडात ‘यार’! तीस-बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत स्टेनो होत्या, तिथून तो शब्द त्यांच्याबरोबर निवृत्त होऊन दिल्लीच्या मयूर विहारला आला. नवरा लवकर गेलेला, मुलगा समीर कॅनडात. त्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या आणि खाली दुसऱ्यावर आम्ही तिघं, मी, हे आणि आमची सई. सगळी सोसायटी त्यांच्यावर खूश होती. मी नव्हते. आता लपवून काय करायचं? माझा त्या बाईवर जळफळाट व्हायचा.

कारण सांगते, म्हणजे मी अगदीच वेडी वाटणार नाही. घरोघरी नेट नुकतंच आलं होतं आणि महिन्याला किती वापरायचं त्याचं माप कंपनी ठरवून द्यायची. आमचं माप एवढंसं होतं की बारा तारखेच्या आत संपायचं. त्यावर ह्यांनी स्वतःची अक्कल चालवली होती. मोडेमचा दिवा लागला की नेट जळतं, अशी ह्यांची पक्की समजूत. म्हणून सकाळी गुडगावला ऑफिसला निघताना मोडेमची वायर काढून गोदरेजच्या कपाटात, माझ्या बांगड्यांच्या डब्याशेजारी ठेवायचे आणि किल्ली खिशात घालून जायचे. संध्याकाळी गाडीच्या गर्दीतून चेपून परत येईपर्यंत घरात नेट नाही. सईला डिझाइन कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेसाठी चित्रकलेचे व्हिडिओ बघायचे असायचे. एक व्हिडिओ उघडला की हे मागे उभे राहून म्हणायचे, “झालं का? बंद कर. जातंय ते.”

एक दिवस सई जिन्यात रडवेली बसलेली काकूंना दिसली. काकू म्हणाल्या, “एवढंच ना यार? माझ्याकडे ये. माझं अनलिमिटेड आहे.” दुसऱ्या दिवसापासून आमची सई शाळेतून आली की दप्तर टाकायची, नि वही घेऊन थेट वर. मला सुरुवातीला बरंच वाटलं. पोरीची सोय झाली, आपल्या डोक्याची कटकट गेली. कृतज्ञता म्हणून मी नारळाच्या वड्यासुद्धा पाठवल्या. मूर्ख बाई!

अर्ध्या तासाचे दोन तास झाले, दोनाचे तीन. मग सई घरात ‘यार’ म्हणायला लागली. मग “काकू असं नाही करत” सुरू झालं. काकू चहात आलं किसत नाहीत, ठेचतात. काकू टॉवेलची अशी घडी करत नाहीत. मी गप्प ऐकून घ्यायची. पण वालाच्या उसळीने कहर केला. जन्मापासून माझ्या हातची वालाची उसळ हिच्या घशाखाली उतरली नाही, ताटात आली की नाक मुरडायची. आणि एक दिवस वरून येऊन मला सांगते, “आई, काकूंनी वालाची उसळ काय मस्त केली होती! तू कधी करत का नाहीस?” घर की मुर्गी दाल बराबर म्हणतात ते हेच. त्या दिवशी मी भांडी अशी आपटली की ह्यांनी टीव्ही बंद केला.

आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर काकूंची बैठकीची खोली. मी पोळ्या लाटत असायची आणि वरून दोघींच्या हसण्याचा आवाज यायचा. चित्रकलेत इतकं हसण्यासारखं काय असतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. माझ्याशी ही मुलगी “हं” आणि “बघू” एवढंच बोलायची. तव्यावरची पोळी करपायची आणि मी छताकडे बघत उभी असायची.

शेवटी मी हट्टाला पेटले. ह्यांच्या मागे लागून, दोन आठवडे अबोला धरून, कंपनीकडून सगळ्यात मोठं माप घेतलं. वायर कपाटातून कायमची बाहेर काढली. सईच्या टेबलावर मोडेम मांडला, शेजारी नवा दिवा ठेवला, खुर्चीला उशी शिवली. सई आली. “अरे वा!” म्हणाली. माझ्या गळ्यात पडली. आणि वही उचलून दाराकडे निघाली.

“अगं, आता कुठे? आता घरी आहे की सगळं!”

“हो गं, पण तिथे बरं वाटतं,” असं म्हणून ती वर गेलीसुद्धा.

म्हणजे नेटचा प्रश्नच नव्हता! मी तशीच, पिठाच्या हातांनी, जिना चढले. नशीब, सई वर गच्चीत रंग वाळवायला गेली होती. काकूंनी दार उघडलं तशी मी म्हणाले, “तुमचा मुलगा लांब गेला, म्हणून माझी मुलगी हवीय का तुम्हाला?”

बोलले आणि माझेच कान तापले. काकू आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “थोडीशी हवी आहे गं. खोटं कशाला बोलू?” त्या भांडल्या असत्या तर मी जिंकले असते. अशा बाईशी भांडायचं तरी कसं? मी पाणी प्यायले आणि खाली आले.

त्यानंतर सात वाजले की काकू सईला घरी पिटाळायच्या. “जा यार, आई जेवायची थांबली असेल.” मी खरंच थांबलेली असायची. पण पोर आपल्या मनाने येत नाही, तिला पाठवावं लागतं, हे मला आणखीच झोंबायचं. परीक्षेचा निकालही तिने वरच बघितला. धावत खाली आली, मला मिठी मारली, “आई, झालं! मिळाली ॲडमिशन!” मी आनंदाने रडायला लागणार, तेवढ्यात म्हणते, “काकू म्हणाल्या, थांबू नकोस, आधी आईला सांग.” आता ह्यावर रडावं की काय करावं?

सई हॉस्टेलला गेली आणि त्याच महिन्यात समीर काकूंना न्यायला आला. जिन्यावरून दोनदा पडल्या होत्या, एकटं ठेवण्यात अर्थ नव्हता. सामान बांधायला मी वर गेले. समीर काकूंच्या कॉम्प्युटरचा कॅमेरा हातात घेऊन बसला होता. दिल्लीत वाढलेला पोरगा, अर्धं हिंदीतच बोलायचा.

“वहिनी, हा बघा. बिल्कुल ठीक चालतोय. आणि दीड वर्ष आई मला सांगते की खराब झालाय. दीड वर्ष मी आईचं तोंड नाही बघितलं. फक्त फोन.”

“पण का? काकूंचं तर अनलिमिटेड होतं.”

“कसलं अनलिमिटेड? नावाचं. कोटा संपला की स्पीड एवढा पडायचा की काही उघडतच नव्हतं. व्हिडिओवर माझ्याशी बोलली असती तर पंधरा दिवसांत संपलं असतं. काल विचारलं तर म्हणते, ‘त्या पोरीची परीक्षा होती यार.’” तो कॅमेऱ्याची वायर गुंडाळत राहिला. “सच बोलू, वहिनी? मला तुमच्या मुलीची खूप जलन व्हायची. फोनवर सारखं सई, सई. मी प्रमोशनचं सांगायचो, ही सईच्या चित्राचं सांगायची.”

मी त्या पलंगावर बसूनच घेतलं. इतके दिवस मला वाटत होतं की ह्या दुखण्याची मी एकटीच रोगी. मी त्याला म्हणाले, “मला तुझ्या आईची व्हायची.” तो हसला, मग मीही हसले, आणि काकू आतून ओरडल्या, “काय चाललंय यार तुमचं? लोकरीचे कपडे भरा!”

निघताना त्यांनी मला जवळ घेतलं. माफी मागायची ठरवून गेले होते, पण तोंडातून निघालं, “तिकडे थंडी असते, मोजे घाला.” काकू म्हणाल्या, “तुझी पोरगी तुझीच आहे गं. मी नुसती वापरली.” मी टॅक्सीत पिशव्या ठेवल्या.

मागच्या वर्षी काकू गेल्या. समीरने आधी सईला कळवलं, मला नाही. सई आता बंगळुरूला नोकरी करते. रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला, केस विस्कटलेले, नाक लाल, “आई, काकू...” म्हणून जी हुंदके द्यायला लागली, ती थांबेचना. मला वाईट वाटत होतं, खरंच वाटत होतं. पण त्यातही, देवाशपथ सांगते, मनात आलं की मी मेल्यावर ही एवढी रडेल का? गेलेल्या बाईवरसुद्धा जळले मी.

मला वाटलं, हिला मोकळेपणाने रडू द्यावं. माझं काय काम तिथे? “तू शांत हो, मी नंतर करते फोन,” असं म्हणून मी कॉल बंद करायला बोट पुढे केलं.

“नको ना आई,” सई म्हणाली. “तू जाऊ नकोस. दुसऱ्या कुणाला केलाच नाही मी फोन.”

मी बोट मागे घेतलं. गॅसवरचं दूध उतू जात होतं, त्याचा वास घरभर पसरला, तरी मी जागची हलले नाही.