मोरगावचे पेढे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? — माहीत नाही. सांगतोय.

नव्वदच्या दशकात बारामतीच्या कोर्टात मी साहेबांचा स्टेनो होतो. साहेब म्हणजे न्यायाधीश — डाळजच्या मेंढपाळाचं पोर, इंदापुरात वकिली केलेली, आणि आता हायकोर्टासाठी नाव गेलेलं. इंग्रजीत निकाल सांगता सांगता मध्येच म्हणायचे, "दिगू, च्या सांग रं." माझ्या लग्नात पंगतीला वाढायला उभे राहिले होते. असा माणूस!

बावड्याच्या एका विहिरीचं अपील त्यांच्यापुढं होतं. एक बाजू माझ्या लांबच्या मामांची. आडनाव वेगळं, म्हणून साहेबांना पत्ता नव्हता — मीही सांगितलं नाही. निकाल टाइप करून शनिवारी बावड्याला गेलो आणि जेवताना बोलून बसलो, "मामा, हीर तुमची झाली. सोमवारपतूर गप ऱ्हावा." मोठेपणा हो, दुसरं काय?

मामा गप्पच राहिले. पण गणपतीला बोललेला नवस? तो कसा थांबवायचा? रविवारी सगळी भावकी ट्रॅक्टरमध्ये घालून ते मोरगावला गेले, तोरण बांधलं, आणि येऊन गावभर पेढे वाटले. प्रसादाला कुणाला वगळत नाहीत — विरुद्ध पार्टीच्या दारातही पेढा गेला.

सोमवारी निकाल तोच लागला. मग तक्रार — साहेबांनी निकाल विकला. चौकशी बसली. त्यांनी मला चेंबरमध्ये बोलावलं.

"दिगू, तुज्या तोंडून तर काय गेलं न्हाय?"

"न्हाय, साहेब."

नोकरीला भ्यालो. बस, एवढंच.

त्यांनी लेखी उत्तर दिलं — टाइप मीच केलं — की माझ्या स्टेनोवर माझा पूर्ण विश्वास आहे. मग राहिलं कोण? ते एकटेच. हायकोर्टाचं नाव मागं आलं, त्यांनी राजीनामा दिला आणि डाळजला शेती बघू लागले.

दर हिवाळ्यात मी हुरड्याला जायचो. माझा जीव होता त्यांच्यावर — खरंच होता. पाहुण्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवून ते सांगायचे, "ह्यो आमचा दिगू. ह्येच्या तोंडातनं शब्द भाईर पडत न्हाय." सगळे कौतुकानं बघायचे. मी हुरडा चोळत बसायचो.

गेल्या वर्षी साहेब गेले. तोवर मी एकही हिवाळा चुकवला नाही, आणि त्यांचं ते वाक्य एकदाही खोडलं नाही.