चेहरा न लपवणारा फोन

प्रतीक्षा नक्की वाळली असणार. हा विचार रागिणीच्या डोक्यात शिरला तो दिवाळीची सुट्टी संपवून पोरगी अमरावतीला परत गेली त्याच आठवड्यात, आणि नंतर काही केल्या निघेना. मेथी खुडताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, मोटरीचा फ्यूज घालताना तो हजर. वाळली असणार, डोळ्यांखाली काळं आलं असणार, खाणावळीतली वरणाच्या नावाखालची पिवळ्या ऊन पाण्याची वाटी बाजूला सारून ती बिस्किटावर झोपत असणार. पुरावा काहीच नव्हता. उलट फोनवर पोरीचा आवाज खणखणीत यायचा. पण आवाजावर विश्वास ठेवणाऱ्या बायका वेगळ्या, आणि रागिणी वेगळी.

पूर्वी ती पोरीला रोज संध्याकाळी व्हिडिओवर बघायची. मग एक दिवस प्रतीक्षा म्हणाली, "आई, माझ्या फोनचा समोरचा कॅमेरा गेला. आता नुसतं बोलू."

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, बरं बाई, बोलू. रागिणीनं त्याच क्षणी ठरवलं की पोरीला नवा फोन घ्यायचा. ठरवायला तिला एक मिनिटही लागलं नाही. कोणता घ्यायचा, हे मात्र ठरता ठरेना.

पातूरच्या अलीकडे त्यांचं वावर. पालक, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी. नवरा देवीदास भल्या पहाटे माल घेऊन अकोल्याला जायचा. रागिणी वनस्पतिशास्त्राची बी.एस्सी., तेही फर्स्ट क्लास. या पदवीचा घरात उपयोग एवढाच होता की मेथीवर कीड पडली की देवीदास तिला किडीचं नाव विचारायचा, ती इंग्रजीत सांगायची आणि तो औषध दुकानदाराला विचारून आणायचा. पण शिकलेल्या बाईनं कुठलीही वस्तू अभ्यास केल्याशिवाय घेऊ नये, यावर तिची श्रद्धा होती. तिनं फोनांचा अभ्यास सुरू केला.

त्या दिवसांत 'झायरा' नावाच्या फोनचा नुसता धुमाकूळ होता. अकोल्यात उड्डाणपुलापाशी त्याची भलीमोठी पाटी. त्यावर एक मुलगी, आणि खाली, 'रात्रभर जागा, सकाळी ताजेतवाने दिसा.' रागिणीला हे वाक्य अतिशय पटलं होतं. त्याच्या तोडीला 'किनो' होता, कमी किमतीचा. आणि 'मॅटिक्स', ज्याची बॅटरी म्हणे दोन दिवस जायची. तिन्हींची परीक्षणं करणारी पोरं व्हिडिओत हातवारे करून 'दोस्तों' म्हणून सुरू व्हायची आणि रागिणी त्यांची दोस्त होऊन बसायची. प्रोसेसर म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं, पण किनोचा प्रोसेसर मागच्या पिढीतला आहे हे ती कुणालाही ठासून सांगू शकत होती.

एकदा अंगणात सांभाराच्या जुड्या बांधताना तिनं फोन विटेला टेकवून ठेवला होता. शेजारच्या माणिकबाई हाताखाली बसल्या होत्या.

"काय पाहून राहिली वं इतकी? पिक्चर आहे का?"

"नाही काकू. फोन पाहते."

"फोनात फोन?"

"प्रतीक्षासाठी घ्यायचा आहे. झायराचा कॅमेरा चांगला आहे, पण तो गरम होतो म्हणतात. किनो गरम होत नाही, पण त्याचा प्रोसेसर…"

"माय वो!" माणिकबाईंनी जुडी आपटली. "तुह्या लग्नात नवरा पाह्यला तवा इतकी चौकशी केलती का?"

"नाही केली."

"मंग बिघडलं का काही?"

रागिणीनं वावराकडे पाहिलं. देवीदास पाइपाला पडलेलं भोक अंगठ्यानं दाबून उभा होता आणि दुसऱ्या हातानं कुणालातरी फोन लावायचा प्रयत्न करत होता. पाणी त्याच्या नाकावर उडत होतं.

"तसं काही फार बिघडलं नाही," ती म्हणाली.

माणिकबाईंचं म्हणणं, सरळ अमरावतीला जाऊन पोरीला डोळ्यांनी पाहून ये. हे रागिणीला सुचलं नव्हतं असं नाही. सप्टेंबरात ती न सांगता गेली होती, डब्यात भरीत-भाकरी घेऊन. प्रतीक्षाची फार्मसीची तोंडी परीक्षा चालू होती, आणि रागिणीनं प्रयोगशाळेच्या दाराच्या काचेतून आत डोकावून डबा वर करून दाखवला. त्यानंतर पोरीनं शपथ घालून सांगितलं होतं, विचारल्याशिवाय यायचं नाही. तेव्हा आता कॅमेरा हाच एक रस्ता उरला होता.

शेवटी देवीदासच कंटाळला. शनिवारी माल विकून झाल्यावर त्यानं तिला बसनं अकोल्यात बोलावून घेतलं आणि जठारपेठेत मनोजच्या दुकानात नेलं. मनोज त्याचा मामेभाऊ, मोबाइल विकायचा.

"या वहिनी, बसा. काय दाखवू?"

"झायरा," रागिणी म्हणाली. "आणि किनो. आणि मॅटिक्सपण राहू द्या समोर."

मनोजनं मागच्या चळतीतला वरचा डबा काढला. देवीदासनं हात आडवा केला.

"वरचा नको. खालचा काढ."

"दादा, सगळे एकच आहेत."

"मले नको शिकवू. टोपलीच्या वर काय ठेवतेत अन् खाली काय, हे मी रोज करतो. खालचा काढ."

"अरे, हे वांगे थोडीच आहेत!"

"वांगेवालाबी असाच बोलते."

मनोजनं कपाळाला हात लावला आणि चळत उतरवून अगदी तळचा डबा काढला. देवीदासनं तो उलटासुलटा करून पाहिला, कानाशी धरून हलवला, आणि समाधानानं रागिणीकडे सरकवला.

आता परीक्षेची वेळ आली. रागिणीनं झायराचा समोरचा कॅमेरा उघडला आणि देवीदासला शेजारी ओढून फोटो काढला. मग दोघांनी पडद्यावर पाहिलं.

देवीदास पहाटेपासून उभा होता. त्याचे डोळे लाल होते, दाढीचे खुंट वाढले होते, कानशिलावर पालकाच्या पाण्याचा वाळलेला चिखल होता. पडद्यावर यातलं काहीच नव्हतं. तिथं एक गोरा, गुळगुळीत, बँकेतल्या साहेबासारखा माणूस प्रसन्नपणे हसत होता. त्याच्या शेजारी जी बाई होती ती रागिणीची धाकटी बहीण म्हणून सहज खपली असती.

"वा रे वा!" देवीदास म्हणाला. "असा तं मी लग्नातबी दिसलो नोतो. हाच घे."

रागिणीला आपलं अंगण दिसत होतं. उन्हानं माना टाकलेल्या पालकावर ती स्वतः रोज संध्याकाळी पाणी शिंपडायची. रात्रभर ओल्या पोत्याखाली ठेवला की पहाटे पालक असा टवटवीत दिसायचा की आत्ताच खुडला. गिऱ्हाईक पानं बघून खूश व्हायचं. हा फोन तेच करत होता. म्हणजे पोरगी तापानं फणफणली असली तरी यात ताजीच दिसणार. 'रात्रभर जागा, सकाळी ताजेतवाने दिसा.' आणि आपण या वाक्यावर भुललो होतो!

"मनोजभाऊजी, हे गोरं करणं बंद होतं का?"

"होते ना. हे पाहा, इथून."

"आणि पुन्हा चालू?"

"इथूनच."

"म्हणजे प्रतीक्षालाही चालू करता येईल."

"वहिनी," मनोज सावकाश म्हणाला, "फोन तिचाच राहीन ना?"

"आईशी बोलताना चालू होणार नाही, असं काही नाही का यात?"

"कंपनीले कळवून पाहतो," मनोज म्हणाला, आणि देवीदासकडे न पाहता त्यानं किनो उघडून दिला. किनोही तसाच. थोडा कमी गोरा, एवढंच. मॅटिक्सनं तर देवीदासच्या मिशा काळ्या केल्या.

"मला असा दाखवा," रागिणी म्हणाली, "ज्यात माणूस वाईट दिसेल."

दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं, ते मागे वळून बघायला लागलं.

"लोक उलटं मागतेत, वहिनी."

"मला चेहरा न लपवणारा पाहिजे. डोळ्यांखालचं काळं दिसलं पाहिजे. जीभ दाखवली तर जीभ कशी आहे ते कळलं पाहिजे."

मनोजनं खालच्या कप्प्यात बराच वेळ खुडबुड करून एक जुनाट, कुणी न घेतलेला फोन काढला. धूळ पुसली. रागिणीनं त्या फोननं मनोजचाच फोटो काढला. नाकावरचं एकेक छिद्र, काल रात्रीचं जागरण, दाताला लागलेला तंबाखूचा खर्रा, सगळं आलं. मनोजनं तो बघून तोंड मिटलं.

"हा!" रागिणीचा चेहरा उजळला. इतके आठवडे खपून तिनं जगातला सगळ्यात चांगला फोन शोधायला घेतला होता, आणि शेवटी दुकानातला सगळ्यात रद्दी फोन छातीशी धरून ती उभी होती. याचं तिला काहीच वाटलं नाही. "हाच बांधून द्या."

देवीदासला मात्र आता राहवेना. पोरीच्या हातात असला डबा द्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं. तो पटकन बोलून गेला, "अवं, कायले इतकं करून राहिली? पोट्टी चांगली आहे. परवा तं गालबी भरल्यासारखे दिसले मले."



"कुठं दिसले?" रागिणीनं विचारलं.

देवीदास डब्यावरची अक्षरं वाचायला लागला. त्याला इंग्रजी येत नव्हतं.

"अहो, मी काय विचारते? कुठं दिसले गाल?"

"व्हिडिओत," तो म्हणाला. "सकाळी माल संपला की लावते ती कधी कधी. मी चहा पेत असतो."

"तिचा कॅमेरा तर गेला."

मनोज एकदम कोपऱ्यातल्या गिऱ्हाइकाकडे धावला आणि त्यानं न मागितलेलं कव्हर त्याला दाखवायला लागला.

"काय दाखवते ती तुम्हाला?"

"मी कुठं काय दाखव म्हणतो! तीच दाखवते. कधी मैत्रिणीनं बनवलेले जळके पोहे. होस्टेलची मांजर. अन्…" तो थांबला. मग म्हणाला, "केस कापले तिनं. खांद्यापर्यंत. चांगली दिसते वं. तुले सांगू नको म्हणे इतक्यात."

पोरीचे ते केस. दिवाळीत रागिणीनं स्वतः तेल लावून विंचरले होते.

"मला का नाही दाखवत?"

देवीदासनं तिच्याकडे पाहिलं. त्याचा आवाज उतरला. "तू तिले पाह्यत नाही, रागिणी. निवडते. जुडीतलं सडकं पान शोधावं तसं. पापणी खाली ओढ, जीभ काढ, ताट दाखव, कोपऱ्यातली बॅग कोणाची… खोलीतल्या पोरी हसत होत्या म्हणे. एक जण रोज जीभ काढून तिच्यापुढं उभी राहायची."

रागिणीला एकदम राग आला. मग त्या पोरीचं जीभ काढणं डोळ्यांपुढं आलं आणि तिला भलत्याच वेळी हसू फुटलं. हसू जिरायच्या आत डोळे भरले. तिनं हातातला फोन काउंटरवर ठेवला.

"बांधू का, वहिनी?" मनोजनं लांबूनच विचारलं.

"नको. आज कोणताच नको."

ती बाहेर पायरीवर आली. रस्त्यावर शनिवारची गर्दी होती, शाळा सुटल्या होत्या. देवीदास मागून आला नाही. त्याला तेवढं कळत होतं.

प्रतीक्षाची जेवणाची सुट्टी आत्ता चालू असणार. फोन लावावा, तर बोलायचं काय? रागिणीनं मनात वाक्यं जुळवून पाहिली. पहिलं सुरू झालं 'जेवलीस का'नं. खोडलं. दुसरं 'काय जेवलीस'नं. तेही खोडलं. तिसऱ्यात केस आले, चौथ्यात बाबांनी सगळं सांगितलं. तिला स्वतःचीच कमाल वाटली. पोटच्या पोरीशी बोलायला चौकशी सोडून एकही वाक्य आपल्यापाशी असू नये?

बऱ्याच वेळानं एक सापडलं. कॅमेरा दुरुस्त करायची घाई नाही, बेटा. तुझ्या मनानं कर. एवढंच म्हणायचं, आणि मग गप्प राहायचं. पोरगी जे सांगेल ते ऐकायचं. गप्प राहण्याचा तिला जन्मात सराव नव्हता. कदाचित दोन वाक्यांतच ती घसरणार होती, आणि तिसऱ्यात खाणावळीवर जाणार होती. पण पहिली दोन तरी नीट जातील.

तिनं पदरानं डोळे पुसले, आपला फोन काढला, आणि पोरीच्या नावासमोरचं व्हिडिओचं चिन्ह सोडून साधा फोन लावायचं ठरवलं.