ब्राउनीची गोल कड

मैत्रिणींनो, आज भिशी माझ्याकडं होती आणि मी जोशात आधीच सांगून बसले होते, ब्राउनी घरीच करणार.

सकाळी केलीही. ओव्हन नाही, म्हणून कुकरात मीठ तापवून त्यावर केकचं भांडं ठेवलं. खालून पार कोळसा झाला. मग शहागंजातल्या एका बेकरीतून गुपचूप बारा ब्राउनी आणल्या आणि ताटात मांडल्या.

सगळ्या आवडीनं खात होत्या. फक्त आमच्या चुलत सासूबाई, काकू, तुकडा उलटापालटा करत होत्या.

"खरंच तू केलं का गं?"

मी जळकं भांडंच आणून दाखवलं. "ही पहिली जळाली काकू. मग याच भांड्यात दुसरी केली." सगळ्यांना पटलं.

निघताना काकू चपला घालत हळूच म्हणाल्या, "भांडं तर गोल हाय. मग एका बी तुकड्याला गोल कड कशी नाय?"

मी हसून त्यांना निरोप दिला. पण तेव्हापासून एकच डोक्यात आहे, काकूंना एवढं बारीक कळतं कसं? मागच्या भिशीला त्यांच्या घरच्या बालुशाह्या होत्या. तुम्हीच सांगा, घरी केलेल्या बालुशाह्या सगळ्याच्या सगळ्या एका मापाच्या होतात का?