तारीख हलवता येत नाही

उत्तर इंग्लंडमधल्या एका इन्फंट्री बटालियनला माझं पोस्टिंग झालं तेव्हा मी वीस वर्षांची होते. ट्रेड सिग्नलर. म्हणजे पाठीवर रेडिओ, कानाला हेडसेट, आणि कंपनी कमांडरच्या हाकेच्या अंतरावर राहायचं. घर लंडनला, हाउन्सलोत, बाबा हीथ्रो विमानतळावर कार्गोत. मी आर्मीत जाणार हे कळल्यावर आईने आठवडाभर अबोला धरला, आणि निघायच्या दिवशी माझ्या बॅगेत थर्मल कोंबले.

बटालियनचं नाव देत नाही. लढाईचंही नाही. बटालियनशी आमचं भांडण अजून चालू आहे आणि वकिलांनी तसं बजावलंय. बाकी सगळं सांगते.

त्या बटालियनमध्ये रोज सकाळच्या परेडला 'आजच्या दिवशी' म्हणून रेजिमेंटच्या इतिहासातली एक नोंद वाचायचे. आजच्या दिवशी अमुक पूल घेतला. आजच्या दिवशी तमुक सार्जंटला पदक मिळालं. आम्ही अर्धवट झोपेत ऐकायचो. पण उन्हाळ्यातली एक तारीख अशी होती की त्या दिवशी कुणी झोपेत नसायचं. दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी त्या दिवशी या बटालियनने दख्खनमध्ये मराठी फौजेचा पराभव केला. होय, आपल्या. त्या दिवसावर ते वर्षभर जगतात.

त्या दिवशी ऑफिसर आणि सार्जंट पहाटे बॅरेकमध्ये येऊन जवानांना बिछान्यात चहा देतात, त्यात रम. त्याला 'गनफायर' म्हणतात. मग पूर्ण वजन पाठीवर घेऊन मूरलँडच्या उजाड माळावरून मार्च. शेवटचा मैल 'कोरडा'. त्या मैलात बाटलीचं झाकण उघडायचं नाही, कारण दख्खनमध्ये त्यांच्या लोकांना पाणी मिळालं नव्हतं. वर टेकडीवर पाहुणे, बँड, आणि त्या लढाईत पडलेल्यांची नावं. एकेक नाव वाचतात आणि वर्दीतला कुणीतरी मेलेल्याच्या वतीने उत्तर देतो, "प्रेझेंट, सर." मग कर्नल स्वतः प्रत्येकाला पत्र्याच्या मगातून पाणी देतो. ऐकायला छान वाटतं. मलाही वाटलं होतं.

माझ्यापुढे चालणाऱ्या सेक्शनमध्ये, आठ जणांच्या तुकडीत, कॉनर होता. लीड्सचा, एकोणीस वर्षांचा. अखंड बडबड. मृणाल त्याला म्हणता येईना, म्हणून त्याने माझं 'मून' केलं आणि तेच नाव कंपनीभर झालं. त्या सकाळी रमचा चहा संपवून, मार्चसाठी रांगेत उभं राहताना तो म्हणाला, "मून, आज तू आमच्या बाजूने की त्यांच्या?"

"ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांच्या," मी म्हणाले.

तो इतका हसला की कॉर्पोरल फिलने त्याच्या हेल्मेटवर टपली मारली. फिल त्यांचा सेक्शन कमांडर.

आता उन्हाबद्दल. आर्मीकडे हवेची उष्णता आणि दमटपणा मोजायचं यंत्र असतं. एका आकड्याच्या वर गेलं की ओझं घेऊन चालायचं नाही, असा नियम आहे आणि तो प्रत्येकाच्या खिशातल्या कार्डावर छापलेला आहे. त्याच आठवड्यात आमचा एक साधा मार्च याच नियमाने रद्द झाला होता. कुणाचं काही बिघडलं नाही. दोन दिवसांनी करू, म्हणाले. त्या सकाळी आकडा त्याहून वर होता. फिलने तो कंपनी सार्जंट मेजरना सांगितला. मी तिथेच उभी होते. सार्जंट मेजरनी खिशातलं कार्ड काढून पाहिलं, परत ठेवलं.

"परवाचा मार्च हलवता आला," ते म्हणाले. "तारीख हलवता येत नाही."

ते दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर हे भांडण सोपं झालं असतं.

कोरड्या मैलात शिरलो तेव्हा कॉनरची बडबड बंद झाली होती. आधी वाटलं, दमलाय. मग तो वाट सोडून तिरका चालायला लागला. फिलने हाक मारली तर त्याने फिलला "मम", म्हणजे आई, म्हटलं. दोघेतिघे हसले. पुढच्या पावलाला तो तोंडावर पडला. हात लावला तर अंग भाजत होतं.

आम्ही बाटल्या उघडून त्याच्यावर ओतल्या. कोरड्या मैलाआधी भरून घेतलेल्या सगळ्यांच्या बाटल्या काठोकाठ होत्या. हे मी आजवर कुठल्याही भाषणात धड म्हणू शकलेले नाही.

"झीरो, धिस इज टू-थ्री. हीट कॅज्युअल्टी. सेफ्टी व्हेइकल ताबडतोब पाठवा. ओव्हर."

"झीरो. वेट आउट."

झीरो म्हणजे वरचा कंट्रोल, आणि 'वेट आउट' म्हणजे गप्प बसा, आम्ही सांगू. गाडी टेकडीवर पाहुण्यांच्या खुर्च्यांमागे उभी होती. ती काढायची तर बँडची रांग मोडावी लागणार होती, आणि रांग मोडायला कुणालातरी विचारावं लागणार होतं. मी पुन्हा कॉल केला. पुन्हा वेट आउट. तिसऱ्यांदा मी सगळी रीत सोडून दिली.

"तो मरतोय. गाडी पाठवा."

"टू-थ्री," पलीकडचा आवाज म्हणाला, "रेडिओवर नीट बोला."

गाडी आली. कॉनरला आत घातलं. फिल त्याची रकसॅक छातीशी धरून तिथेच उभा राहिला. मग ऑर्डर आली, फॉर्म अप, पुन्हा रांगेत उभे राहा. आम्ही फॉर्म अप झालो. टेकडी चढलो. नावं वाचली गेली, दोनशे वर्षांपूर्वीची, आणि आम्ही एकेकाला प्रेझेंट, सर म्हणत गेलो. कर्नलने मला पत्र्याचा मग दिला, मी पाणी प्याले. त्याच वेळी लीड्सच्या हॉस्पिटलमध्ये कॉनरच्या आई, कॅरन, शाळेच्या किचनमधला एप्रन न काढता कॉरिडॉरमध्ये उभ्या होत्या. तो दुपारी गेला. आम्हाला संध्याकाळी सांगितलं, लढाईतल्या विजयाचा केक कापून झाल्यावर.

इन्क्वेस्टमध्ये, म्हणजे मृत्यूच्या सरकारी चौकशीत, कॉरोनरने स्पष्ट म्हटलं, हा मार्च व्हायलाच नको होता. बटालियनने खेद व्यक्त केला. यंत्रं नवी घेतली. कोरडा मैल बंद केला. मी आर्मी सोडली आणि पत्रकं वाटायला लागले. आमच्या पत्रकावर मागणी एकच आहे: त्या तारखेला टेकडीवर जी नावं वाचता, त्यात कॉनरचं नाव वाचा. उत्तर आलं की ती यादी लढाईत पडलेल्यांची आहे; कॉनरचं नाव नोव्हेंबरमध्ये, सैनिकांच्या स्मृतिदिनी, सगळ्यांसोबत, जरूर घेऊ. कॅरनना मी ते फोनवर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तो नोव्हेंबरमध्ये नाही गं गेला, लव्ह."

लंडनमध्ये स्टॅनमोरला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात पत्रकं ठेवली, तर एका काकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, मराठ्यांच्या पराभवाचा केक कापणाऱ्यांकडे तू न्याय कसला मागतेस? त्यांच्या आर्मीत गेलीस हीच मुळात लाज. मी म्हटलं, "काका, न्याय कॉरोनरने दिला. मी हजेरी मागतेय." पत्रक त्यांनी घेतलं नाही. लाज मला आहेच, पण त्यांना वाटते ती नाही.

यंदा त्या तारखेला आम्ही टेकडीखालच्या गेटबाहेर उभे राहिलो. कॅरन, मी, फिल आणि जुन्या सेक्शनमधले दोघे. फिल आणि ते दोघे अजून नोकरीत आहेत. सुट्टी टाकून, साध्या कपड्यांत, टोप्या डोळ्यांवर ओढून आले होते. त्यांच्यासाठी येणं ही लहान गोष्ट नव्हती. पाहुण्यांच्या गाड्या आमच्या पुढून आत गेल्या. एका बाईंनी खिडकी खाली करून पत्रक घेतलं आणि थँक्यू म्हणाल्या.

वर लाउडस्पीकरवर नावं सुरू झाली. नाव, मग प्रेझेंट, सर. नाव, मग प्रेझेंट, सर. कॅरननी हे पहिल्यांदाच ऐकलं. त्या मान किंचित कलती करून ऐकत राहिल्या. यादी संपली आणि त्यांनी मोठ्याने मुलाचं नाव घेतलं, रँकसकट.

आता आमची पाळी होती. आम्हाला चौघांनाही ते कळत होतं. आणि चौघेही गप्प राहिलो, कारण उत्तर वर्दीतल्याने द्यायचं असतं आणि आमच्यापैकी कुणीच वर्दीत नव्हतं. बंदी कुणी घातली नव्हती. तिथे आम्हाला हुकूम द्यायला कुणी नव्हतंच. फिलचा जबडा हलला, आवाज आला नाही. ज्या रीतीने कॉनरला मारलं, ती रीत आम्ही त्याच्या आईसमोर उभं राहून पाळली.

कॅरननी आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग गेटकडे वळल्या, कोटाची बटणं लावली, हात बाजूला सरळ केले.

"प्रेझेंट, सर," त्या म्हणाल्या.

प्रायव्हेट कॉनर. वय एकोणीस. लीड्स.