दुसऱ्या पिंपातली पावडर

लहान मुलांचा शाम्पू बनवणाऱ्या त्या कारखान्यात वजनखोली सांभाळणाऱ्या बाईला सगळे काटेमावशी म्हणत. एकोणीस वर्षांत तिच्या काट्यावर एक ग्रॅम इकडचा तिकडे झाला नव्हता, आणि त्याचा तिला थोडा तोराही होता.

त्या सकाळी तिने खिडकीजवळचं पिंप पुढे ओढलं, सहज झाकणावरची चिठ्ठी वाचली आणि मग पुन्हा एकदा वाचली. या जागी कायम ग्लुटामेट असायचं. अमिनो आम्लापासून केलेली ती पांढरी पावडर फेस बेताचाच देते, पण इतकी सौम्य की तान्ह्या बाळाच्या डोळ्यांनाही फारशी झोंबत नाही. चिठ्ठीवर मात्र मोठ्यांच्या शाम्पूतल्या कडक सल्फेटचं नाव होतं. तीही पांढरीच पावडर.

काल दुपारी बाळांच्या शाम्पूच्या दुसऱ्या टाकीसाठी तिने याच पिंपातून अठरा किलो मोजून दिले होते. चिठ्ठी न वाचता.

"पिंपं कुणी हलवली?" तिने स्टोअरकीपरला विचारलं.

"मीच, काल जेवणाच्या सुट्टीत. तिकडे छत गळत होतं. का हो?"

ती फोनकडे धावली. लेबल तिरकं बसल्यामुळे विकता न येणाऱ्या दोन बाटल्या काल त्याच टाकीतून निघाल्या होत्या. एक पॅकिंगवालीने घरी नेली, दुसरी काटेमावशीने. घरी लेक होती आणि लेकीची दीड महिन्याची मुलगी. बाळाच्या आंघोळीची वेळ दहाची. घड्याळात सव्वादहा झाले होते.

फोन नुसताच वाजत राहिला. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा उचलला गेला तो बाळाच्या आकांतासकट.

"आई, हा कसला शाम्पू दिलास गं? डोळे लालबुंद झालेत तिचे!"

"पाणी ओत. साधं कोमट पाणी, पंधरा मिनिटं, अजिबात थांबू नकोस. मग तडक डॉक्टरकडे जा."

"पण झालंय काय?"

"माझी चूक झालीय. तू आधी धू!"

मागे स्टोअरकीपर उभा होता, चेहरा पांढराफटक. "मावशी, पिंपं परत जुन्या जागी लावून टाकतो. कुणाला पत्ता लागायचा नाही. नाहीतर दोघंही घरी बसू."

खोटं कशाला, क्षणभर तिलाही ते बरं वाटलं. पण बाहेर गाडीत खोकी चढत होती आणि कानातलं ते रडणं थांबत नव्हतं. ती प्रयोगशाळेत गेली आणि केमिस्टबाईंना सगळं सांगून मोकळी झाली.

प्रत्येक वजनातली चिमूटभर पावडर पुडीत राखून ठेवलेली असते. बाईंनी कालच्या दोन्ही पुड्या वेगवेगळ्या पाण्यात विरघळवल्या. "आम्ल टाकलं की ग्लुटामेट दुधाळ होतं, सल्फेट नितळच राहतं," त्या म्हणाल्या. पहिल्या टाकीची पुडी दुधासारखी झाली. दुसरीत थेंबामागून थेंब पडले, पाणी नितळ ते नितळच.

"गाडी थांबवा!" बाई ओरडतच बाहेर पळाल्या. गाडी फाटकापाशी पोहोचली होती.

पॅकिंगवालीने बाटली उघडलीच नव्हती. दुपारी लेकीचा फोन आला: डॉक्टरांनी थेंब दिलेत, बुबुळाला इजा नाही, लाली दोन दिवसांत जाईल. एवढंच बोलून तिने फोन ठेवला. काटेमावशी जिन्यातच खाली बसली. तिला उठवायला दोघी लागल्या.

सगळा माल नष्ट केला. तिला महिनाभर झाकणं लावायच्या कामावर बसवलं आणि स्टोअरकीपरला लेखी ताकीद मिळाली. वजनखोलीत तेव्हापासून दोघांनी चिठ्ठी मोठ्याने वाचल्याशिवाय पिंप उघडत नाहीत.

लेक चार दिवस तिच्याशी बोलली नाही. बाळाला जवळ घ्यायचं धाडस काटेमावशीलाही होईना. पाचव्या दिवशी लेकीने दुपट्यात गुंडाळलेलं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं.

"धर जरा. मला जेवायचंय."

बाळाने टक्क डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. तिने त्या डोळ्यांत वाकून वाकून पाहिलं, आणि लेक जेवून हात धुऊन आली तरी तिची मान वर झाली नव्हती.