मागून घेतलेली भाकरी

सिंधीणबाईच्या चेहऱ्यावर कधी काही उमटत नसे. राग नाही, आनंद नाही, साधा कंटाळासुद्धा नाही. एकदा वावटळीत तिच्या छपराचा पत्रा उडाला आणि थेट आमच्या परसातल्या वांग्यांत येऊन पडला. आम्ही बायका आरडाओरडा करत धावलो, तर ही घरात उभी राहून उघड्या पडलेल्या आभाळाकडे बघत होती. म्हणाली, "ठीक आहे." दुसऱ्यांदा गाईने तिचे वाळत घातलेले पापड खाल्ले, तेव्हाही तेच. सिंधी बोलीत 'आहे'ला आहेच म्हणतात, हे आम्हाला कुठे ठाऊक! आमची गल्ली सगळी 'हाये' म्हणणारी, त्यामुळे ही बाई असलं पुणेरी कुठे शिकली याचंच आम्हाला नवल वाटायचं.

शेगावात देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिच्या नवऱ्याचं कापडाचं दुकान होतं. फाळणीत सिंध सुटलं, तेव्हा आधी कुठल्याशा छावणीत आणि मग इथे, असे ते आलेले. शेठ सुरुवातीला खांद्यावर गाठोडं घेऊन खेडोपाडी फिरायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा नवं राज्य नुकतंच झालं होतं, आणि शेठ पत्र्याच्या दुकानात गादीवर बसू लागले होते. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या नि आमच्या घरात एकच भिंत.

मी वरवट बकालची. माहेर काही फार लांब नाही, तरी पहिले काही महिने मी चुलीपुढे धुराचं निमित्त करून रडून घेत असे. सिंधीणबाई तर मुलूखच मागे टाकून आलेली. तिला धूर पुरला नसता. पण ती रडताना कुणी पाहिली नव्हती.

शेठचा एक हट्ट होता. घरात गव्हाचीच पोळी. रेशनवर गहू मिळेना, गल्लीतले मातब्बरही ज्वारी खात, तरी शेठ कुठून तरी गहू पैदा करत. "ज्वारी हमारे यहां हारी लोग खाते थे," असं ते अभिमानाने सांगायचे. हारी म्हणजे त्यांच्याकडची कुळं. घरदार गेलं, जमीनजुमला गेला, आता गहूही सोडला तर आपण कोण उरलो, असं त्यांना वाटत असावं. आम्ही ज्वारीवाले मात्र मनातल्या मनात हसायचो.

आणि एका दुपारी शेठ दुकानातच गेले. छातीत कळ आली, एवढंच. गल्लीने सगळं केलं. सिंधीणबाई भिंतीला टेकून बसली होती, चेहरा नेहमीचाच. माणसं स्मशानातून परतली, तशी कडू घासाची तयारी झाली. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही; शेजारपाजारचे बेसन-भाकर घेऊन जातात. घरच्या माणसाने "नको" म्हणायचं, आपण "घे माय, जीवाले आधार पायजे" म्हणायचं, मग त्याने कसाबसा एक घास गिळायचा आणि हात आखडता घ्यायचा. हे कुणी शिकवत नाही. आमच्याकडे लहान पोरालाही ते कळतं.

शेजार आमचा, म्हणून भाकरी मी थापल्या होत्या. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, तिच्यापुढे ताट सरकवलं. सिंधीणबाईने तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि थांबली. मग तिने खायला सुरुवात केली. बेसनाला हातही लावला नाही. नुसती कोरडी भाकर, सबंध, शेवटच्या पापुद्र्यापर्यंत खाल्ली. आणि भरल्या घरात माझ्याकडे बघून म्हणाली, "और है?"

बायकांनी पदर तोंडाला लावले. मी टोपली घेऊन तशीच उभी. आत्याबाई तेवढ्या भानावर होत्या. म्हणाल्या, "पाह्यतं काय वं? दे तिले."

दुसऱ्या दिवसापासून पाणवठ्यावर एकच विषय. "नवऱ्याची राख निवाली नाही, अन् बाई भाकर मांगून राह्यली!" आत्याबाई एकदाच कडाडल्या, "तुमच्या घरची मांगली का?" पण त्याने तोंडं बंद होतात थोडीच.

तेरावं झालं आणि एका सकाळी सिंधीणबाई आमच्या मागच्या दारी येऊन माझ्या चुलीजवळ बसली. मी थापत होते, ती हातांकडे बघत होती. मग आपणहून बोलली. तिचं माहेर सिंधमधलं एक लहानसं खेडं. बाप गरीब. घरात तिन्ही त्रिकाळ ज्वारी. लग्न झालं आणि सासरी शहरात ज्वारी कायमची बंद झाली. "गाडीतून इथे आली, तेव्हा खिडकीतून सगळी ज्वारीच दिसली," ती म्हणाली. मी विचारलं, "मंग मांगितली काऊन नाही इतक्या वर्सांत?"

"किसको मांगती? शेठ को?" आणि सपाट आवाजात, "उस दिन मुंह में डाली ना, तो लगा अम्मां आई है. कौन मरा है, मैं भूल गई."

माझा हात काटवटीत तसाच राहिला. तव्यावरची भाकर करपली.

मग ती रोजच येऊ लागली. कधी माझ्या हातातून पीठ घेऊन तिच्या माहेरचा ढोढो करायची. ज्वारीचंच पीठ, पण त्यात कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, आणि दोन तळव्यांत थोपटून चांगला जाडजूड. आत्याबाई म्हणायच्या, "हे भाकर हाये का गवरी?" आणि मागून दोनदा घ्यायच्या. सिंधीणबाई हसायची नाही. पण सकाळी तिला यायला उशीर झाला की मला करमत नसे. मला ती आवडायला लागली होती, इतकं साधं होतं ते.

काही महिन्यांनी तिचा दीर उल्हासनगरहून आला. माणूस वाईट नव्हता. बाई एकटी राहू शकते का, दुकान सांभाळू शकते का, एवढं त्याला बघायचं होतं. नाहीतर दुकान विकून तिला घेऊन जायचं. सिंधीणबाईने आत्याबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं, "मले जायचं नाही. वहां फिर गेहूं है." जन्मात तिने मागितलेली ही दुसरी गोष्ट असेल.

पण गल्लीने त्याचे कान आधीच भरले होते. पत्र्याची गोष्ट, पापडांची गोष्ट त्याने सोडून दिली. भाकरीची मात्र त्याला लागली. बाईचं डोकं ठिकाणावर नाही असं त्याला वाटू लागलं, आणि तशा बाईला परक्या गावात सोडून कसं जायचं? तो आमच्या अंगणात येऊन विचारू लागला. आत्याबाई आयुष्यात खोटं बोललेल्या मी पाहिल्या नव्हत्या. त्या दिवशी डोळ्याला डोळा देऊन बोलल्या. "तिनं कुठं मांगली, भाऊ? म्याच सांगतलं सुनेले वाढाले. लोकाईचं काय आयकता?"

मीही मान हलवली. दिराचा चेहरा सैल पडला. सिंधीणबाई दारात उभी होती. तो तिच्याकडे वळला, "भाभी, सच है ना?"

तिने नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहण्यात तर तिचा हात कुणी धरला नसता. आत्याबाई तिच्याकडे बघून डोळ्यांनी विनवत होत्या.

"नहीं," ती म्हणाली. "मैंने मांगी थी. भूख लगी थी."

दुकान आठवड्याभरात विकलं गेलं. जायच्या सकाळी मी तिला विचारलंच, "काऊन बोलली वं माय? रायली असती ना इथं." ती ट्रंकेला दोरी बांधत होती. म्हणाली, "इतने साल बाद अम्मां मिली. उसको भी झूठ बोलूं?" आणि गाठ मारली.

दारात टांगा लागला. मी फडक्यात भाकरी बांधून आणल्या. दीर म्हणाला, "रास्ते के लिए पूरी है, बहनजी." सिंधीणबाईने त्याच्यापुढून हात लांब करून माझ्याकडून फडकं घेतलं. सगळी गल्ली दारादारांत उभी होती, पाणवठ्यावरच्या त्या सगळ्याजणी. तिने टांग्यात बसल्या बसल्या फडकं मांडीवर सोडलं, भाकर मोडली आणि त्यांच्या देखत खाऊ लागली. कुणाकडे पाहिलं नाही. चेहऱ्यावर काहीसुद्धा नव्हतं. मला वाटलं होतं मी रडेन. पण मीही तशीच उभी राहिले. टांगा स्टेशनच्या वळणावर दिसेनासा झाला, तेव्हाही ती खात होती.