कोन मेला तुसाजी?

तालुक्याच्या कचेरीत चांगदेव म्हात्रे नावाचा एक कारकून होता आणि तो लोकांना आवडायचा. कारकून आणि लोकांना आवडतो, हे ऐकून कोणी हसेल. पण रेवदंड्यापासून थळपर्यंत कोणालाही विचारा, हेच सांगतील.

सन पन्नासपासून तो अर्ज घ्यायच्या खिडकीत बसे. अर्ज तपासायचा, बरोबर असेल तर आत पाठवायचा, चुकला असेल तर शेरा मारून परत द्यायचा, एवढंच काम. बाकीचे कारकून शेरा मारत तो असा : ‘अर्ज सदोष. सबब परत.’ आता दोष कुठे आहे, हे अर्जदाराने घरी जाऊन देवाला विचारावं. चांगदेवाची रीत निराळी होती. तो लिही, ‘ओळ तिसरी, मौजे या शब्दापुढे : येथे गावाचे नाव हवे होते. तुम्ही सासऱ्याचे लिहिले आहे.’ एकाने लिहून आणलं होतं, ‘माझा भाऊ व बैल एकत्र राहतात, त्यास तालुक्याबाहेर नेऊन विकण्याचा दाखला मिळावा.’ त्यावर चांगदेवाचा शेरा पडला : ‘ओळ दुसरी : त्यास म्हणजे कोणास, ते लिहावे. भाऊ असल्यास दाखला मिळत नाही.’ बाजारातल्या न्हाव्याने हा शेरा उतरवून आरशाला चिकटवला होता. गिऱ्हाईक हसलं की वस्तरा थांबवावा लागे.

ही रीत त्याने हौसेने धरलेली नव्हती. त्याचा बाप धर्माजी मिठागरात राबणारा. आगरात पाणी घ्यायच्या वाटेबद्दल त्याने साहेबाच्या राज्यात अर्ज केला होता. दहा वेळा तो ‘सदोष’ म्हणून परत आला. अकरावा अर्ज परत न्यायला धर्माजी आलाच नाही. त्या पावसाळ्यात तो गेला. चांगदेव कचेरीत लागला त्या वर्षी त्याने दप्तरातून तो अकरावा अर्ज शोधून काढला आणि उभ्या उभ्या वाचला. अर्जावर तारीख नव्हती. बस्स, एवढंच. चांगदेव त्या दिवशी जेवला नाही, आणि त्याला इतका राग आला होता की कोणावर काढावा हेही कळेना.

तर अशा शेऱ्यांमुळे लोक दुसऱ्याच खेपेला बरोबर अर्ज आणू लागले. बरोबर अर्ज आला की तो निकाली काढावा लागतो, ही अडचण अव्वल कारकून दत्तोपंतांच्या ध्यानात आली. ते म्हणाले, “म्हात्रे, चूक काढणं हे सरकारचं काम. ती समजावणं हे शाळामास्तराचं. तुम्ही नक्की कुठे नोकरीला आहात?” आणि छपन्नच्या चैत्रात त्यांनी लेखी हुकूमच काढला : शेऱ्यात दोनच शब्द लिहावेत. सदोष. परत.

चांगदेवाने मान खाली घातली. नोकरी होती, घरी बायको मैना होती, दोन पोरं होती.

त्याच महिन्यात ठमाबाई आली. खाडीकाठच्या वाडीतली, भातशेतीवाली. शेत नवऱ्याच्या नावावर, आणि तो मुंबईला गोदीत कामाला. इकडे खाडीच्या बांधाला खांड पडली होती, म्हणजे बांध फुटून भगदाड झालं होतं. ते बुजवायला शेजारच्या सरकारी पडीक जमिनीतली माती हवी, आणि मातीला परवानगी हवी. वैशाखी पुनवेचं उधाण यायच्या आत बांध झाला नाही तर खारं पाणी शेतात शिरणार, आणि एकदा शेत खारवलं की तीन वर्षं भाताचं नाव घ्यायला नको.

तिचा अर्ज आत गेला आणि सात हरकती घेऊन बाहेर आला. खातेदार जुळत नाही. सबब जमीन अर्जदाराच्या कुटुंबाची नाही. सबब बांध त्यांचा नाही. सबब खांडीशी त्यांचा संबंध नाही. अशी ती सबबींची माळ. चांगदेवाला वाचतानाच कळलं की या सात चुका नव्हेत. चूक एकच आहे आणि बाकीची सहा तिची पिल्लं आहेत. पण हुकूम होता. त्याने हरकतींचा कागद फायलीत ठेवला, अर्जावर ‘सदोष, परत’ लिहिलं आणि तो खिडकीतून सरकवला.

ठमाबाईने तो कचेरीच्या ओट्यावर बसणाऱ्या आणि तिला अर्ज लिहून देणाऱ्या हिरामण अर्जनवीसाला दाखवला. हिरामणाने जाणकारासारखी मान हलवली, म्हणाला, शाई फिकी पडली असणार, आणि सगळा अर्ज काळ्याभोर शाईत पुन्हा लिहिला. तोही परत आला. तिसऱ्यांदा त्याने वर ‘श्री’ घातला आणि बाजूला समास आखला. श्रीचाही उपयोग झाला नाही.

तिसऱ्या खेपेला पुनव पाच दिवसांवर होती. ठमाबाईने कागद हातात घेतला, पण ती खिडकीपासून हलेना. “दादा,” ती म्हणाली, “दोन कोस चालत येते मी, नि तुमी दोन शबूद लिवता. चुकलंय तर चुकलंय. पन काय चुकलंय ता तरी सांगाल का न्हाय?”

चांगदेवाला खिडकीपलीकडे बापच उभा दिसला. त्याने टाक खाली ठेवला. हुकूम लिहिण्याबद्दल होता, बोलण्याबद्दल नव्हता. तो उठला आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच खिडकीला वळसा घालून बाहेर ओट्यावर आला.

“बाय, ओळ दुसरी,” तो म्हणाला. “नवऱ्याचं नाव. तुसाजीच ना?”

“कोन मेला तुसाजी?” ठमाबाई ओरडली. ओटाभर माणसं वळून बघायला लागली.

हिरामण चपापला. “तूच तर सांगितलंस! मी विचारलं, नाव काय. तू बोललीस, नवऱ्याचं नाव कसं घेऊ. मग बोललीस, भात कांडलं की तांदूळ काढून मागं जो ऱ्हातो, तो. मागं काय ऱ्हातं? तूस!”

“तूस पयलं उडतं रे भाड्या! मागनं ऱ्हातो तो...” आणि तिने जीभ चावली.

“कोंडा,” चांगदेव हळूच म्हणाला. “कोंडाजी?”

ठमाबाईने पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. “व्हय.”

हिरामण जन्माने बाजारातला. भात त्याने ताटातच पाहिलेलं, उखळात कधी नाही.

गलका ऐकून दत्तोपंत बाहेर आले. सगळं ऐकून ते म्हणाले, “मान हलवून चालत नाही. नावात दुरुस्ती करायची तर अर्जदाराने स्वतःच्या तोंडाने माझ्यासमोर नाव सांगितलं पाहिजे.” नियम खराच होता. पण ठमाबाईचा चेहरा उतरला. शेत बुडालं तरी बेहत्तर, पण चार माणसांत धन्याचं नाव घ्यायचं म्हणजे काय!

चांगदेव दत्तोपंतांकडे वळला. “साहेब, नाव कसं सांगावं, याबद्दल नियमात काही आहे?”

“नाही.”

“मग बाय,” तो म्हणाला, “लग्नात घेतलंस तसं घे की.”

ठमाबाईने पदर सारखा केला, दत्तोपंतांच्या चपलांवर नजर ठेवली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

“तांदूळ भरलं सुपात, तूस गेलं वाऱ्यावर,
कोंडाजीरावांचं नाव घेते कचेरीच्या पायऱ्यांवर!”

ओट्यावर एकच हशा उठला. न्हावी वस्तरा घेऊन धावत आला होता, तोही हसायला लागला. दत्तोपंतांनी हसू दाबायचा फार प्रयत्न केला, पण मिशी ऐकेना. त्यांनी तिथेच उभ्याने दुरुस्तीवर सही केली. एक नाव बदललं आणि सातही हरकती निघाल्या. दुसऱ्या दिवशी परवानगी मिळाली. अख्खी वाडी मातीला लागली आणि पुनवेच्या आदल्या संध्याकाळी खांड बुजली. उधाण बांधाला धडका देऊन परत गेलं.

दत्तोपंतांनी हुकूम काही मागे घेतला नाही. मात्र तो कागद फायलीत सापडेनासा झाला आणि त्यांनी तो शोधलाही नाही.

दिवाळीनंतर स्वतः कोंडाजी नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन खिडकीशी आला. चांगदेवाने गाठोड्यावर चिठ्ठी लावून ते परत केलं : ‘ओळ पहिली : तांदूळ. कचेरीत चालत नाहीत. येथे “जेवायला या” हवे होते.’ आठवड्याने ठमाबाई आली आणि खिडकीत तोंड घालून म्हणाली, “जेवाया या. आता बरोबर हाय?”

रविवारी चांगदेव आणि मैना पोरांना घेऊन दोन कोस चालत गेले. ठमाबाईने वाढलेला भात तो पोट तुडुंब होईस्तोवर जेवला आणि येताना त्या नव्या बांधावरून आला.

सोमवारी कचेरी उघडताच तो दप्तरखान्यात गेला. धर्माजीचा अकरावा अर्ज त्याने काढला, एक चिठ्ठी लिहून त्याला टाचली आणि अर्ज होता तिथे परत ठेवला. चिठ्ठीत लिहिलं होतं : ‘शेवटची ओळ, अंगठ्याच्या डावीकडे : येथे तारीख हवी होती. बाकी अर्ज बरोबर आहे.’